अंगठ्यातला राग

मानोऱ्याच्या बस स्टँडसमोर रहमतबीचं बांगड्यांचं दुकान आहे. एका अंगाला मोबाइलवाला, दुसऱ्या अंगाला चपलांचा ढीग, आणि मधल्या फटीत ही बाई पाटावर मांडी घालून बसलेली. सून जिकरा समोरच्या काउंटरवर टिकल्या, पिना आणि मेंदीचे कोन विकते. पण बायका येतात त्या रहमतबीच्या हातासाठी. समोरच्या बाईचा पंजा ती आपल्या डाव्या हातात घेते, जरा चोळते, गप्पांत गुंतवते, आणि बाई सासूची तक्रार सांगत असतानाच काचेची तंग बांगडी मनगटावर जाऊन बसलेली असते. दुखलं का म्हणून विचारावं तर बाईच उलट विचारते, "कवा घातली व चाची?" बाजारात प्लास्टिकच्या आल्या, धातूच्या आल्या, तरी लग्नाच्या चुड्याला काचच लागते आणि काच भरायला हात लागतो.

लोक रहमतबीला मोठ्या मनाची बाई म्हणतात. ते साफ चूक आहे. ही डूख धरणारी बाई आहे. कोण काय बोललं, तेव्हा त्याच्या अंगावर कुठल्या रंगाचं कापड होतं, शेजारी उभं राहून कोण हसलं, सगळं तिला पाठ आहे. चपलवाल्यानं एकदा तिच्या दारात पाणी सांडलं होतं, तेही अजून माफ झालेलं नाही. आणि या सगळ्या मंडळींच्या वर, एकटी बसलेली, इंझोरीची गोजराबाई.

ती गोष्ट अशी. रहमतबीचा नवरा सैफुद्दीन होता तेव्हा दुकान नव्हतं. तो माल आणायचा आणि ही टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. इंझोरी तिचं हक्काचं गाव. तिथल्या लेकीसुनांच्या हाताची मापं तिला तोंडपाठ, आणि गोजराबाईचा ओटा म्हणजे दुपारचा मुक्काम. भाकर तिथेच व्हायची. सुगीला गोजराबाई तिच्या पदरात तूर घालायची आणि वर म्हणायची, "रहमत, तू माही बहीणच होय." रहमतबीनं ते खरं धरलं. तिथेच ती फसली.

सैफुद्दीन तापानं गेला. विधवेनं घरात काढायची इद्दत पाळून झाली आणि रहमतबीनं पुन्हा टोपली उचलली ती गोजराबाईच्या लेकीच्या लग्नासाठी. अंगणात मांडव, बायकांची दाटी, नवरी पाटावर. रहमतबीनं नवरीचा हात हातात घेतला आणि मागून गोजराबाईचा आवाज आला, "थांब व. तू सरक. रांडमुंड बाईचा हात माह्या पोरीच्या चुड्याले नको. कोनी सवाशीन पाहा."

नवरा गेला की बाईचा हात बिघडतो, हे रहमतबीला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घराण्यात तसं काही नव्हतंच. कुणाला बोलली म्हणून तिनं आधी मागे वळून पाहिलं. मग कळलं, सगळ्या बायका आपल्याकडेच बघताहेत. एकीनं तिच्या मांडीवरून नवरीचा हात काढून घेतला. एकीनं टोपली तिच्या पायाशी सरकवली. आणि रहमतबी उठली. एक शब्द न बोलता उठली, आणि मानोऱ्याची काळीपिवळी जीप येईपर्यंत गोठ्याजवळ बसून राहिली. तिकडे कुणीतरी आडदांड हातानं चुडा भरत होतं आणि नवरी कळवळत होती, ते तिला बसल्या जागी ऐकू येत होतं. बसल्या बसल्या तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपले हात उलटेपालटे करून पाहिले.

बातमीला पाय फुटले. एका घरानं नको म्हटलं की दुसऱ्याला धीर येतो. बघता बघता रहमतबीची सगळी गावं सुटली, आणि मुलानं, अमाननं, तिला मानोऱ्यात ही फट भाड्यानं घेऊन दिली.

पुढे कुणी विषय काढला की रहमतबी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायची, "मी तं कवाच माफ केलं बावा. अल्ला पाहून घेईन." ऐकणारे माना डोलवायचे. काय मन आहे बाईचं! विसरून जा, सोडून दे, असं सांगणाऱ्यांचं काय जातं? त्यांना कुणी भरल्या मांडवातून उठवलेलं नसतं. पण रहमतबीनं ती माफी इतक्या वेळा बोलून दाखवली की हळूहळू तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. आणि इथून तिच्या दुकानात बांगड्या फुटायला लागल्या.

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण शब्द बदलून काच जुळत नाही. एखाद्या दिवशी एकही बांगडी फुटायची नाही, आणि एखाद्या दिवशी अर्धा गठ्ठा फुटक्या काचेच्या टोपलीत. गिऱ्हाइकाच्या हाताला खरचटायचं, रहमतबी हळद लावायची आणि माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. काच कच्ची आहे, भट्टीतच खोट आहे, आजकाल कुणाला इमान राहिलेलं नाही. तिनं व्यापारी बदलला. मग दुसरा बदलला. तिसऱ्याला फोनवर असं काही झापलं की तो बिचारा पुढचा माल कापडात गुंडाळून पाठवायला लागला. तरी बांगड्या फुटतच राहिल्या.

एक दिवस जिकरा काउंटरवरून म्हणाली, "अम्मी, एक बात बोलू? गुस्सा नका होऊ."

"बोल."

"माल चांगला हाय. इंझोरीचं गिऱ्हाईक आलं का तुमचा अंगठा कडक होते. मी रोज पाहून राह्यली."

रहमतबीनं सुनेशी अबोला धरला. सुनेनं खरं बोलावं आणि तेही सासूच्या तोंडावर, हे कुठल्या घरात चालतं? पण ते वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी एका दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, तिनं एक बांगडी घेतली आणि स्वतःच्याच हातावर चढवून पाहिली. सैफुद्दीनची आठवण काढली. बांगडी सरळ मनगटावर गेली. काढली. मग तो मांडव आठवला, तो आवाज आठवला, आणि बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर आली न आली तोच तिचे दोन तुकडे झाले. रक्ताचा थेंब आला. रहमतबी त्या थेंबाकडे बघत बसली आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. एवढे व्यापारी उगीच शिव्या खाऊन गेले.

म्हणजे माफ केलं हे खोटं होतं. तोंड माफ करत होतं आणि अंगठा सूड घेत होता, तोही भलत्याच बायकांवर. कुणाची सून, कुणाची पोर, दुकानात हौसेनं आलेली, आणि रक्त काढून घेऊन जाणारी.

ते कळल्यावर तिनं काय करावं? नमाजात दुवा मागून झाली होती. विसरायचा प्रयत्न करून झाला होता. आता तिनं वेगळंच केलं. चिडलेलं गिऱ्हाईक दारात आलं तर दुकानदार त्याला हाकलत नाही. आधी बसवतो, पाणी देतो, काय म्हणणं आहे ते ऐकून घेतो. रागालाही तसंच बसवायचं तिनं ठरवलं. इंझोरीचं नाव निघालं आणि अंगठ्यात ती कळ आली की ती समोरच्या बाईचा हात खाली ठेवायची आणि म्हणायची, "बस जरा. हात तयार नाई माहा." मग पाणी प्यायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बोल बावा, काय म्हणतो?

राग काय, बोलायलाच टपलेला. गोजराबाईचे सगळे दात पडावेत आणि नेमका तेव्हाच तिच्या पुढ्यात हुरडा यावा. तिच्या लोणच्याला बुरशी लागावी. एसटीत तिला कुणी जागा देऊ नये, आणि दिलीच तर चाकावरची द्यावी. तिनं भर बाजारात पाय घसरून पडावं, सगळ्यांनी पाहावं आणि कुणी उचलू नये. कुणी उचलू नये, हे त्याचं आवडतं. रहमतबी सगळं ऐकून घ्यायची. असं म्हणू नये, अल्लाला आवडत नाही, असं काही ती त्याला सांगत नसे. खरं सांगायचं तर तिला मजाच यायची.

पण राग बोलून बोलून दमला की त्याच्या मागून दुसरंच काहीतरी पुढे यायचं. मी उठली कायले? मला जीभ नव्हती का? सैफुद्दीन मेला, तुह्या लेकीचं त्यात काय गेलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. अर्धा राग गोजराबाईवर होता, आणि उरलेला स्वतःच्या त्या दोन पायांवर, जे मुकाट्यानं उठले होते. आणि त्याच्याही मागे, सगळ्यात शेवटी, गोजराबाईच्या हातची गरम भाकर आठवायची. हे तर फारच वाईट होतं. जिचं वाटोळं व्हावं असं रोज वाटतं, तिच्या ओट्याची आठवण यावी? रहमतबीला त्याची लाज वाटायची. पण तेही आहे, असं तिनं स्वतःशी कबूल केलं.

राग गेला नाही. बांगड्या फुटायच्या मात्र थांबल्या.

असं सगळं चाललेलं असताना यंदाच्या उन्हाळ्यात जगदेव दुकानात आला. जगदेव म्हणजे गोजराबाईचा मुलगा. हातात लग्नाची पत्रिका, आणि नजर टिकल्यांच्या पाकिटांवर.

"चाची, माह्या पोरीचं लगन हाय. वर्षारानीचं. चुडा भराले तुमाले या लागते."

रहमतबीनं पत्रिका घेतली नाही. "इंझोरीत सवाशिनी संपल्या का?"

जगदेवचा चेहरा पडला. "पोरगी अडून बसली चाची. तिले कोनी सांगतलं ते जुनं सारं. म्हनते, रहमत चाचीनं भरला तं चुडा, नाई तं मी पाटावरच बसत नाई."

"अन् तुही माय काय म्हनते?"

"काई नाई म्हनत."

"समोर बसन ना चुड्याच्या वक्ताले?"

"नाई," जगदेव म्हणाला. "बाबा गेल्यापासून माय शुभ कामात समोर येत नाई. अंदरच्या खोलीत बसते."

रहमतबीच्या अंगावरून आनंदाची एक लाट गेली. तिनं ती लपवली नाही, निदान स्वतःपासून तरी. गोजराबाई रांडावली होती आणि आता आतल्या खोलीत बसत होती. तिनं हात पुढे करून पत्रिका घेतली. "येईन," म्हणाली.

जगदेव गेल्यावर ती बराच वेळ मालाचे गठ्ठे चाळत बसली. हिरव्या चुड्याचा जाड काचेचा गठ्ठा तिनं बाजूला सारला आणि पातळ काचेचा काढला, जो ती एरवी कोवळ्या हाताच्या पोरींनाही भरायची नाही. जिकरानं ते पाहिलं.

"अम्मी, ये तो बहोत पतली हय. नवरीले ह्या नेता का?"

"हो."

"काहून?"

"फोडाले," रहमतबी म्हणाली.

जिकरा टिकल्या लावता लावता थांबली. रहमतबीनं तिला सगळं सरळ सांगितलं. अंगठ्याच्या सांध्याशी बांगडी आली की जरासा तिरपा दाब द्यायचा. कुणाला कळत नाही, काच आहे, जाते. पण चुड्याची बांगडी नवरीच्या हातावर फुटली, आणि तीही शेवटची, की त्या अपशकुनानं घरातली म्हातारी आयुष्यभर झोपायची नाही. लेकीच्या वेळेला माझा हात नको होता ना? आता नातीच्या वेळेला पाहून घे.

"पर पोरीनं काय केलं?" जिकरानं विचारलं.

"मी काय केलं होतं?"

रागाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. रहमतबीला ते ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की आपण जे करायला निघालोय ते वाईट आहे. चांगलं आहे असं तिनं स्वतःला एकदाही सांगितलं नाही. वाईट आहे आणि मला करायचं आहे, एवढंच तिनं मनात धरलं आणि गठ्ठा पिशवीत टाकला.

हळदीच्या दिवशी सासू-सुना इंझोरीला उतरल्या. अंगण तेच. जमिनीवर आता फरशी होती, गोठ्याच्या जागी मोटारसायकली लावायचं छप्पर होतं, मांडवाला भाड्याचं रंगीत कापड होतं आणि कूलर घरघरत होता. बायकांनी जागा करून दिली. जुन्यांपैकी काहींनी नजर चुकवली, काहींनी गरजेपेक्षा जास्त गोड आवाजात खुशाली विचारली. रहमतबीनं सगळ्यांना उत्तरं दिली आणि डोळ्यांनी घराचं दार शोधलं. दारापलीकडे अंधारात, भिंतीला टेकून, गोजराबाई बसली होती. वाळून गेली होती. मनगटं उघडी. तिनं रहमतबीकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

रहमतबीला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

वर्षाराणी पाटावर बसली. अंगाला हळद, पोरगी सावळी, उंच. वाशिमला नर्सिंगचं शिकत होती म्हणे. तिनं हात पुढे केला आणि रहमतबीच्या मांडीवर सोडून दिला. अगदी सैल. नवऱ्या मुलींचे हात ताठ असतात, बोटं आखडलेली असतात, त्यांना बोलण्यात गुंतवावं लागतं. या पोरीनं हात असा दिला होता की जणू तो आता तिचा नव्हताच.

डावा हात भरून झाला. एकही बांगडी फुटली नाही. बायका गाणी म्हणत होत्या. उजवा हात भरत आला, आणि शेवटची बांगडी राहिली. रहमतबीनं ती बोटांवरून वर घेतली, पंजा दाबला, बांगडी सांध्याशी आली. अंगठ्यात ती ओळखीची कळ उठली. हीच वेळ, राग म्हणाला. उठवलं होतं ना तुला? इथूनच. दे दाब.

रहमतबीनं दाब दिला. काचेनं तो बारीक आवाज केला, जो फक्त बांगड्या भरणाऱ्या मन्यारणीच्या कानाला कळतो, तुटायच्या जरा आधीचा. पोरीनं हात मागे घेतला नाही. तिला काहीच कळलं नव्हतं. ती दुसरीकडे बघून कुणाशी तरी हसत होती.

रहमतबीनं बांगडी परत बोटांवरून खाली काढली आणि ताटात ठेवली.

"काय झालं चाची? माप लहान हाय का?" वर्षाराणीच्या आईनं विचारलं.

"माप बराबर हाय. माह्या हातात राग आला."

एक-दोघी हसल्या. रहमतबी हसली नाही, तशा त्याही गप्प झाल्या. गाणं मध्येच बंद पडलं.

"पोरी," ती वर्षाराणीला म्हणाली, "तुह्या आजीनं मले याच आंगनातून उठवलं होतं. माहा मानूस मेला म्हनून. अन् आज मी तुह्या हातावर बांगडी फोडाले आली होती. मुद्दाम आनली ही पतली काच."

फोडायला. हळदीच्या मांडवात, नवरीच्या तोंडावर, हा शब्द. कुणीतरी तोंडावर पदर घेतला. वर्षाराणीच्या आईनं झटकन पोरीचा दंड धरला आणि तिला मागे ओढायला लागली. पण पोरीनं हात जिथे होता तिथेच ठेवला.

"मंग फोडता का आता?" तिनं विचारलं.

रहमतबीनं स्वतःच्या मनात पाहिलं. खोटं बोलायची सवय तिनं मोडली होती. "मनात तं हाय," ती म्हणाली. "अजून हाय."

"मी हात काढून घेऊ?"

"नको. ठिवून दे. जरा वक्त."

पोरीनं ठेवून दिला. मन्यारीण नवरीचा हात हातात धरून बसली होती आणि तिच्या मनात काय आहे ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. असला चुडा इंझोरीत कधी भरला गेला नव्हता.

दारातून गोजराबाई उठून आली. उंबऱ्याशी थांबली. एक भाचेसून म्हणाली, "आजी, तुमी कायले बाहेर आल्या?" तिनं ऐकलं नाही.

"राग माह्यावर हाय तं मले म्हन, रहमत. पोरीचा हात सोड."

"तू ये. इथं बस."

"मी कशी बसू? माहं कपाळ पाह्य ना." गोजराबाईचा आवाज चिरकला. "चुड्यापाशी माह्यासारखीनं बसू नाई."

"मी बसली ना," रहमतबी म्हणाली.

हे म्हणताना तिला जे सुख झालं ते दुवेनं कधी झालं नव्हतं. गोजराबाई भरल्या मांडवात उभी होती, सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि बसावं की मागे फिरावं हे तिला कळत नव्हतं. उभं राहू दे, राग म्हणाला. रहमतबीनं तिला उभं राहू दिलं. मग पाटाच्या शेजारची जागा हातानं पुसली.

गोजराबाई बसली. आधी कुठेतरी हात टेकत, मग एकदम.

"दे बांगडी," रहमतबी म्हणाली.

म्हातारीनं ताटातली ती शेवटची बांगडी उचलली. बांगडी ताटाच्या कडेला वाजली. ती रहमतबीच्या हातात देताना गोजराबाई हळू आवाजात म्हणाली, फक्त तिला ऐकू जाईल असं, पण शांततेत ते सगळ्यांनीच ऐकलं, "तवा मले खरंच वाटलं होतं, का तुह्या हातात काई वंगाळ असन म्हनून."

"तवा काईच नव्हतं," रहमतबी म्हणाली. "आज होतं. अन् आज तुमी बलावलं."

गोजराबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. रहमतबीनं वर्षाराणीचा पंजा पुन्हा चोळला, बोटं जुळवली आणि बांगडी चढवली. सांध्यावरून ती पातळ काच कशी गेली ते पोरीला कळलं नाही. बायकांनी कुठे गाणं सोडलं होतं ते कुणाला आठवेना, म्हणून त्यांनी दुसरंच सुरू केलं.

"गेला का राग चाची?" वर्षाराणीनं दोन्ही मनगटं वाजवून पाहत विचारलं.

"नाई."

"मंग?"

"मंग काय? राहीन तो. तू सासरी जाय."

जेवायला बसल्या तेव्हा वर्षाराणीच्या आईनं रहमतबी आणि जिकराला आतल्या पंगतीत बसवलं, आणि गोजराबाई स्वतःहून येऊन रहमतबीच्या शेजारच्या ताटावर बसली. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. गोजराबाई भात कालवत राहिली.

"रहमत," ती म्हणाली, "माफ केलं का व मले?"

जिकरानं घास हातात धरून सासूकडे पाहिलं. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. हो म्हणून टाकणं किती सोपं होतं, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. मांडव, लग्न, पोर सुखात, दोन म्हाताऱ्या गळ्यात पडलेल्या.

"नाई केलं," रहमतबी म्हणाली. "केलं असं लय वर्सं म्हनत होती, ते खोटं होतं. होईन तवा सांगीन. नाई झालं तं नाई सांगणार."

गोजराबाईनं मान हलवली. कालवलेला भात तिच्या तोंडात जाईना. एक घास उचलला, तो परत ताटात ठेवला. रहमतबीनं ते पाहिलं आणि तिला गोड वाटलं, आणि गोड वाटतंय हेही तिला कळत होतं. तिनं आपलं ताट स्वच्छ केलं आणि वाढणाऱ्या पोरीला हाक मारून आणखी बुंदी मागून घेतली.